साहेबांची बॅच कधी?

सातारा-सांगली पट्ट्यात प्रशिक्षण न मिळालेलं माणूस अजून उरलंय का, याची एकदा खानेसुमारी व्हायला हवी. बचत गटाच्या बायकांचं झालं. सरपंचांचं झालं, आशाताईंचं झालं, शाळा व्यवस्थापन समितीचं झालं, पाणलोट समितीचं झालं. काही बायकांचं तर इतक्यांदा झालंय की ओळख करून घेण्याचा तो बॉलचा खेळ आता त्याच प्रशिक्षकाला शिकवतात. फ्लेक्स, हजेरीपत्रक, पोहे, बॉल, पीपीटी, जेवण, चार्टपेपर, गटाचं सादरीकरण, जिओटॅग फोटो. साडेचारची एसटी चुकायला नको म्हणून चारलाच आभारप्रदर्शन. झाली क्षमता बांधून.

या हजेरीपत्रकांवर एक जमात मात्र कधी सही करताना दिसत नाही. ज्यांच्या सहीनं कार्यक्रम मंजूर होतो ती. संस्थेचे विश्वस्त, कंपनीच्या सामाजिक निधीचे साहेब, जिल्ह्याचे अधिकारी, पुण्या-मुंबईचे सल्लागार. ते येतात उद्घाटनाला. ‘तुमच्याकडूनच आम्हाला खूप शिकायला मिळतं’ असं माइकवर सांगतात, नारळ फोडतात आणि शिकायची वेळ झाली की गाडीत बसतात.

आता या मंडळींच्या जगात ‘शिकण्या’ला फार भाव आलाय. अहवालात ‘मिळालेले धडे’ नावाचा खास चौकोन असतो. गेली कित्येक वर्षं त्या चौकोनात एकच धडा मिळतो आहे: समन्वय वाढवण्याची गरज आहे. दरवर्षी तोच धडा मिळणाऱ्या पोराला आमच्या शाळेत काय म्हणत, ते इथे छापत नाही.

तर मुद्दा असा, की ज्या कामांमुळे या दोन जिल्ह्यांचं नाव बाहेर घेतलं जातं, त्यांतली बरीचशी कामं उलट्या दिशेनं झाली. आधी वरच्याची शिकवणी झाली, मग खालच्याचं भलं झालं. पुरावा हवा? म्हसवडला चला.

माण तालुका. पाऊस इथे पाहुणा म्हणून येतो आणि चहा न घेता जातो. नव्वदच्या दशकात चेतना सिन्हा यांच्याभोवती जमलेल्या बायकांना पैसे ठेवायला जागा हवी होती. रोजच्या कमाईतले चार-पाच रुपये बाजूला टाकायचे, तर कुठली बँक तेवढ्यासाठी खातं उघडून देईना. मग ठरलं, आपलीच बँक काढू. कागद तयार झाले, रिझर्व्ह बँकेकडे गेले आणि परत आले. कारण काय, तर प्रवर्तकांमधल्या कितीतरी जणी निरक्षर. सह्यांच्या जागी अंगठे. अंगठ्यांच्या हाती बँक कशी द्यायची?

एखाद्या शहाण्या संस्थेनं इथे काय केलं असतं? शिकलेल्या चार नावांचं संचालक मंडळ बसवलं असतं, बायकांना ‘लाभार्थी’ केलं असतं आणि परवाना मिळवला असता. म्हसवडच्या बायका रात्रीच्या वर्गाला बसल्या. नंतर त्या थेट मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. तिथे त्यांनी जे सांगितलं ते चेतनाताईंनी जगभरच्या व्यासपीठांवर सांगितलं आहे. त्याचा मतलब असा: आम्हाला वाचता येत नाही हे खरं, गावात शाळाच नव्हती तर काय करणार, पण मोजता येतं. कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतंय.

१९९७ साली माण देशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. माझ्या मते ती रिझर्व्ह बँकेतली साहेबांची पहिली बॅच. हजेरीपत्रक मात्र सापडत नाही.

पुढे तर आणखी मजा. बँक उघडली म्हणून बायका बँकेत येतील असं नव्हतं, कारण बँकेत यायचं म्हणजे दिवसाचा रोजगार बुडवायचा. मग बँकच बाजारात आणि दारात जाऊ लागली. नंतर कार्ड आलं, पिन आला. बायका म्हणाल्या, पिन नको. तो कुणीही बघून घेईल आणि आमचा पैसा काढून नेईल. अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच सुरक्षिततेचा उपाय म्हणून पुढे आला, आणि तो सुचवला कुणी, तर ज्यांना ‘आर्थिक साक्षरता’ शिकवायला माणसं नेमली जातात त्यांनी.

इथे नेतृत्वाचं कसब कुठे होतं, ते नीट बघा. चेतना सिन्हा मुंबईत अर्थशास्त्र शिकून माणात आल्या होत्या. त्यांना व्याज काढता येत नव्हतं असं नाही. पण बायकांनी काही सांगितलं की आपला आराखडा बदलायचा, ही त्यांनी सवय लावून घेतली. ऐकायला सगळेच तयार असतात हो. ऐकल्यावर आराखडा मोडतो, तिथे बहुतेकांचे कान बंद होतात. कारण आराखड्यावर बजेट बसलेलं असतं.

आता माणातून खाली खानापूर तालुक्यात उतरू. ही गोष्ट जुनी आहे आणि तिची आठवण विट्याच्या पलीकडे फारशी कुणाला राहिलेली नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

१८ जानेवारी १९८२. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगावातल्या कितीतरी खोल्या या दुष्काळी पट्ट्यातल्या पोरांनी भरलेल्या. संप लांबला, खिसा रिकामा झाला आणि पोरं गावी परतली. गावी काय होतं? दुष्काळ. आणि दुष्काळात काय होतं? रोजगार हमी. म्हणजे खडी फोडायची. साचा चालवणारा, युनियनच्या सभेत बोलायची सवय असलेला कामगार खडी फोडायला बसला आणि त्यानं सरकारला सर्वांत त्रासदायक असा प्रश्न विचारला: ही खडी कशासाठी? रस्ता झाला तरी पुढच्या वर्षी पुन्हा दुष्काळ, पुन्हा खडी. दुष्काळ हटेल असं काम का देत नाही?

मुक्ती संघर्ष चळवळ तेव्हा इथे उभी राहत होती. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर तिचे पुढारी, श्रमिक मुक्ती दलाचे. आता मजुरांचा मोर्चा म्हटला की मागण्यांचा कागद पुढाऱ्याच्या खिशात तयार असतो: मजुरी वाढवा, वेळेवर द्या, सावली करा. तो कागद वाचून दाखवणं सोपं होतं. इथे प्रश्नच असा आला की पुढाऱ्याच्या कागदात त्याचं उत्तर नव्हतं. मग अभ्यासाला बसणं आलं. गावकऱ्यांनी स्वतःच्या दुष्काळाचा स्वतः अभ्यास केला. पूर्वी काय पिकायचं, विहिरी कधीपासून आटल्या, नदी किती महिने वाहायची. म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि विज्ञान चळवळीतल्या पोरांच्या वह्या एकाच चावडीवर आल्या.

त्यातून जे निघालं ते येरळा नदीच्या पात्रात डोळ्यांसमोरच पडलेलं होतं. किंवा पडलेलं असायला हवं होतं: वाळू. महसूल खातं लिलाव करी, ठेकेदाराचे ट्रक वाळू उपसून नेत. वाळू गेली की पात्रात मुरलेलं पाणी धरून ठेवायला काही राहत नाही आणि काठच्या विहिरी तळ दाखवतात. म्हणजे दुष्काळ वरून पडत होता तेवढाच ट्रकमधूनही जात होता. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी उफराटी मागणी केली: ठेकेदार बंद करा, थोडीशी वाळू आम्हालाच विकू द्या आणि त्या पैशातून आम्ही नदीवर बंधारा बांधतो.

सरकारी यंत्रणेला अनुदान मागणारं गाव कळतं. मोर्चा काढणारं गावही कळतं. धरण आम्हीच बांधतो, फक्त आडवे येऊ नका, म्हणणारं गाव कुठल्या नमुन्यात बसवायचं? फाइल फिरत राहिली, लोक हटले नाहीत. मुंबईचे अभियंते के. आर. दाते यांच्यासारखा माणूस आराखड्याच्या मदतीला आला. शेवटी वाळूच्या पैशावर आणि श्रमदानावर बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

धरणापेक्षा त्याचा करार मोठा. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, दर घरामागे. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. आणि ऊस लावायचा नाही. सांगली जिल्ह्यात बसून ऊस लावायचा नाही असं ठरवणं म्हणजे काय, ते पुण्याच्या वाचकाला कळणार नाही. इस्लामपूरच्या वाचकाला मात्र वाचतानाच ठसका लागला असेल.

या सगळ्यात गेल ऑम्व्हेट होत्या. मिनेसोटाच्या बाई, बर्कलीच्या डॉक्टरेट, पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहायला महाराष्ट्रात आल्या आणि कासेगावच्या होऊन गेल्या. १९८३ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, २०२१ च्या ऑगस्टमध्ये कासेगावातच गेल्या. हल्लीच्या सल्लागाराचा क्षेत्रदौरा किती वेळ चालतो हे मी सांगायला नको. त्याच्या टोपीवर गावाची धूळ बसायच्या आत तो ‘सखोल मुलाखती’ उरकून महाबळेश्वरला मुक्कामी असतो.

बळीराजा धरणाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवायला नको. असं एक झालं, शंभर झाली नाहीत. आटपाडी-सांगोल्याच्या बाजूला १९९३ पासून पाणी परिषदा भरतात. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख त्यात पाटणकरांच्या जोडीला होते, आणि समन्यायी वाटपाची मागणी तिथे वर्षानुवर्षं रेटावी लागली. लोक एका फटक्यात शिकतात. सरकारला तेच शिकवायला एक पिढी खर्ची पडते. वर सरकारी बॅच तीन वर्षांनी बदलीवर जाते आणि नव्या साहेबाला पुन्हा पहिलीत बसवावं लागतं.

जाता जाता कर्मवीर. यांचा उल्लेख केल्याशिवाय साताऱ्यात कुणाला स्तंभ लिहू देत नाहीत. पण मला त्यांचा पुतळा नको, गुणपत्रक हवंय. भाऊराव पाटलांचं शिक्षण इंग्रजी सहावीच्या पलीकडे गेलं नाही. या माणसानं १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह काढलं आणि ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. आजच्या निकषांवर त्यांना त्यांच्याच संस्थेत लिपिकाची जागा मिळाली नसती. पुणे विद्यापीठानं त्यांना १९५९ मध्ये डी.लिट. दिली, म्हणजे ते गेले त्याच वर्षी. विद्यापीठ उशिरा का होईना, शिकलं म्हणायचं. आणि वसतिगृहं चालायची कशावर? घराघरातून येणाऱ्या मूठ-मूठ धान्यावर. मुष्टिफंड. त्या मूठभर जोंधळ्याच्या बदल्यात कुठल्या म्हातारीनं युटिलायझेशन सर्टिफिकेट मागितल्याची नोंद नाही. ती पोरगं शिकतंय का ते डोळ्यांनी बघायची. तिचं मूल्यमापन आजच्या त्रयस्थ संस्थेपेक्षा कडक असणार.

आता पैशाची वही निराळी आहे. कंपनी कायद्यात २०१४ पासून नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला काढायची सक्ती आली. वाईट नाही. पण त्या पैशाला आर्थिक वर्ष असतं, आणि गावाला नसतं. एप्रिल-मे मध्ये प्रस्ताव, पावसाळ्यात करार, दिवाळीनंतर पहिला हप्ता आणि ३१ मार्चपर्यंत परिवर्तन. कायदा चालू प्रकल्पाला तीन वर्षं देतो, पण साहेबाला पुढच्या सादरीकरणात हिरवा बाण दाखवायचा असतो. तांदुळवाडीच्या लोकांना या तक्त्यात बसवून बघा. पहिल्या तिमाहीत निष्पत्ती: वाद झाला. दुसरी तिमाही: वाद चालू. तिसरी: फाइल मंत्रालयात. चौथी: वाळू कुणी विकायची यावरून गावात भांडण. प्रकल्प लाल रंगात, निधी बंद.

स्पर्धांचंही थोडं असंच. आर. आर. आबांनी २००० साली संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आणलं. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, खेड्याची नस माहीत असलेले. अनुदान आधी न देता गावाला आधी कामाला लावायचं, ही कल्पना झकास. गावं खरंच उजळली. पण तपासणीची तारीख आधी कळली की शहाणपण तारखेपुरतं येतं, हेही त्याच गावांनी लवकर शिकून घेतलं. मग २०१६ मध्ये पानी फाउंडेशनचा वॉटर कप कोरेगाव तालुक्यात आला, आणि पहिल्याच वर्षी वेळू गावानं पहिला नंबर काढला. त्यात मला आवडलेली गोष्ट कप नव्हे. कामासाठी त्यांनी गावाला पैसे दिले नाहीत, प्रशिक्षण दिलं. पाणी अडवायला खणलेले चर टेपनं मोजता येतात. अडवलेल्या पाण्यावर उद्या कोण ऊस लावणार ते टेपनं मोजता येत नाही. २०२२ पासून तीच संस्था शेतकरी गटांच्या फार्मर कपकडे वळली. पाण्यामागोमाग पिकाचा प्रश्न येतोच. कप जिंकणाऱ्या गावाचा फोटो पेपरात येतो. खेळ बदलणाऱ्या आयोजकाचा यायला हवा.

पण साहेबांच्या शिकवणीत सर्वांत नापास विद्यार्थी सातासमुद्रापलीकडचा निघाला, आणि त्याची परीक्षा झाली सांगलीत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एचआयव्हीची भीती पसरली तेव्हा आरोग्याच्या कार्यक्रमांनी वेश्यावस्तीकडे रोगाचा झरा म्हणून बघितलं. तपासा, मोजा, सुधारा, हलवा. सांगलीत मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेनं १९९२ पासून काम धरलं ते गोकुळनगरसारख्या वस्त्यांतल्या बायकांनाच हाताशी धरून. गिऱ्हाइकाला निरोध वापरायला कसं लावायचं, दारू पिऊन आला तर काय, पैसे जास्त देतो म्हणाला तर काय, पोलिसानं पिशवीतले निरोध हाच पुरावा धरला तर काय, हे कुठल्या डॉक्टरला शिकवता येणार होतं? शिकवणाऱ्या त्याच होत्या, एकमेकींना. १९९६ मध्ये त्यांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही आपली स्वतंत्र संघटना केली. तिची घोषणा संस्थाजगताला आजही चावते: तारणहारांपासून आम्हाला वाचवा.

शिकण्याची ही पद्धत गैरसोयीची असते. बायकांना निरोध वाटायला हात म्हणून घेतलं, आणि थोड्याच दिवसांत त्या पोलिसांच्या मारहाणीबद्दल, रेशन कार्डाबद्दल, पोरांच्या शाळेच्या दाखल्याबद्दल बोलायला लागल्या. निधी निरोधाला मिळाला होता, दाखल्याला नव्हता. चांगला व्यवस्थापक इथे ‘विषयाला धरून बोला’ म्हणतो. संग्रामनं विषय सोडला आणि बायकांना धरलं.

मग अमेरिका आली. म्हणजे तिचा पैसा होताच, आता अट आली. २००३ च्या कायद्यानं ठरवलं की एड्ससाठी अमेरिकेची मदत घेणाऱ्या संस्थेचं वेश्याव्यवसायाच्या विरोधात जाहीर धोरण हवं. कागदावर तसं लिहून द्या, चेक घ्या. ज्या बायकांच्या जोरावर हे काम उभं होतं, त्यांच्याच विरोधात लिहून द्यायचं. कितीतरी संस्थांनी लिहून दिलं. पगार द्यायचे असतात, मी त्यांना हसणार नाही. सांगलीनं दिलं नाही. २००५ मध्ये यूएसएडचा, म्हणजे अमेरिकेच्या मदतखात्याचा, पैसा सोडला.

शिकवणी तिकडेही चालू झाली, पण वेगात नव्हे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला उमगलं की ही अट अमेरिकी संस्थांच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे. २०२० मध्ये त्याच न्यायालयानं खुलासा केला की परदेशी संस्थांना हे स्वातंत्र्य लागू नाही. म्हणजे वॉशिंग्टनच्या संस्थेनं गप्प बसायला नको, सांगलीच्या संस्थेनं बसलं तरी चालेल. आणि २०२५ च्या जानेवारीत नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदतच गोठवली, जुलैपर्यंत यूएसएडचं दुकान आवरलं. ज्यांनी अट मुकाट लिहून दिली होती त्यांचे चेकही अडकले, कारण त्यांचं नाव त्या यादीत होतं. सांगलीचं नव्हतं, त्यांनी ते वीस वर्षं आधी स्वतःच खोडून घेतलं होतं.